माफी, सूट आणि तहकुबी

पंपाच्या टाकीत औषधाचे एक टोपण जास्त पडले तर पान करपते, हे आता खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून आपण डबीवरचे प्रमाण वाचतो, कोणाला तरी विचारतो, मगच टोपण उलटे करतो. शब्दाच्या बाबतीत मात्र आपण एवढी काळजी घेत नाही. मी तरी घेत नव्हतो. बी. एस्सी.ला पीकशास्त्र शिकलो, मृदशास्त्र शिकलो. पण गावाच्या सभेत उभे राहून बोललेला एक शब्द एखाद्याच्या दावणीतला बैल उठवू शकतो, हे कोणी शिकवले नव्हते. ते मला एका शेतकऱ्याने शिकवले. त्याची हकीकत सांगतो.

2012-13 चा दुष्काळ. माणदेशातले एक गाव. मी तेव्हा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली होती. ज्या गावाची पैसेवारी पन्नासच्या आत, त्या गावाला दुष्काळाच्या सवलती, असा तेव्हा नियम होता. त्या सवलती समजावून सांगण्यासाठी मला ग्रामसभेला पाठवले होते. मारुतीच्या देवळापुढे पटांगणात सभा भरली. टँकर यायची वेळ झालेली, बायकांचे कान रस्त्याकडे, घागरी रांगेत लावलेल्या. मी परिपत्रक उघडून वाचू लागलो तसा मागून आवाज आला, "सायेब, ते कागद ऱ्हाऊ द्या. सोसायटीच्या कर्जाचं काय ते एका शब्दात सांगा."

कागदावर शब्द होता 'वसुलीस स्थगिती'. मी म्हणालो, "एका शब्दात सांगायचे तर माफ समजा. यंदा वसुली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मिळाल्या की माणूस दुरुस्ती करायचे विसरतो. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि सभा उठली.

त्या सभेत एक वयस्क शेतकरी होते. गाव त्यांना अण्णा म्हणते, मीही अण्णाच म्हणतो. सहा एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही आटलेली. दावणीला खिलारी बैलांची जोडी. सोसायटीचे साठ हजार पीककर्ज होते. मार्चअखेर भरण्यासाठी अण्णांनी एक गाय आणि चार शेरडे विकून अडतीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. बाकीचे उसने घेऊन भरायचे, असा त्यांचा बेत होता. दुष्काळ म्हणून नातीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलले होते. माझा शब्द ऐकून अण्णा घरी गेले आणि म्हणाले, "कर्ज माफ झालं. पोरीचं लगीन उरकून घेऊ." वैशाखात लग्न झाले. मलाही पत्रिका आली होती. मी जेवूनही आलो.

पुढच्या वर्षी अण्णा नवीन कर्ज मागायला सोसायटीत गेले. खात्यावर मुद्दल जसेच्या तसे होते आणि त्यावर व्याज चढले होते. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात जी सवलत मिळते, तीही हातची गेली. कर्जाचे पुनर्गठन करून हप्ते पाडून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. तो अण्णांनी केलाच नव्हता. जे माफ झाले त्याचा अर्ज कोण करील? त्यामुळे ते थकबाकीदार ठरले आणि थकबाकीदाराला नवे कर्ज नाही. पेरणी तोंडावर आलेली. अण्णांनी जोडीतला एक बैल विकला, थोडे जावयाकडून घेतले आणि खाते मोकळे केले. त्या वर्षी एका बैलावर दुसऱ्याच्या सावडीत त्यांनी पेरणी केली.

हे मला कळले ते अण्णा पंचायत समितीत आले तेव्हा. ते भांडायला आले नव्हते. बाकावर बसले, पाणी प्याले आणि एवढेच म्हणाले, "सायेब, तुमी 'माफ' म्हणाला हुता."

मला उत्तर सुचले नाही. तो शब्द माझाच होता. कागद बरोबर होता, कायदा बरोबर होता, सोसायटीचा सचिवही नियमाने वागला होता. चूक फक्त माझ्या जिभेची होती.

त्यानंतर मी या शब्दांकडे नीट पाहू लागलो. आपल्या भाषेत एखाद्याला नियमातून किंवा देण्यातून मोकळे करण्यासाठी किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाचे माप किती वेगळे आहे! सूट हा आपल्या दावणीतलाच शब्द. दावे सुटते तशी सूट. माफी, सवलत, मुभा हे फारसी-अरबीच्या वाटेने दप्तरात आले आणि मग घरात शिरले. सवलत या शब्दाच्या मुळाशी 'सोपेपणा' आहे. म्हणजे ओझे जात नाही, उचलणे सोपे होते. स्थगिती, मुक्ती हे संस्कृतातून आले. जुन्या महसुली कागदांत स्थगितीच्या जागी तहकुबी असते. शब्द वेगळे, अर्थ एकच : आज नाही, पुढे.

घरात आपण हे शब्द किती अचूक वापरतो पाहा. एकादशीला आजी म्हणायची, "पोरांना अन् बाळंतिणीला मुभा आहे." मुभा म्हणजे उपास मोडला नाही, नियमही गेला नाही; तुझ्यापुरती मोकळीक. आजारी सून उपास करीत नसे तेव्हा आजी म्हणायची, "बरी झालीस की कर." ही तहकुबी. सोळा सोमवार पुरे झाले की उद्यापन करून व्रत सोडायचे. ही रीतसर सुटका. या तिन्हींत कोणा बाईचा कधी घोटाळा झालेला मी पाहिला नाही. घोटाळा होतो तो आपण चावडीवर किंवा कचेरीत गेल्यावर. तिथे आपल्याला सगळे शब्द 'माफ' असेच ऐकू येतात, कारण तेच ऐकायची आस असते.

आपल्या आधीच्या पिढ्या या बाबतीत सावध होत्या. मराठेशाहीत पडीक जमीन वहितीस आणणाऱ्याला कौल देत. त्यात इस्तावा असे : पहिल्या वर्षी सारा थोडा, मग दरसाल चढत चढत पुढे पुरता. कौल घेणाऱ्याला कितव्या साली किती भरायचे ते आधीच माहीत असे. ती माफी नव्हती, मुदतीची सवलत होती, आणि मुदत कागदावर लिहिलेली होती.

दुसरे उदाहरण 1918 च्या खेडा सत्याग्रहाचे. गुजरातचा खेडा जिल्हा तेव्हा आपल्यासारखाच मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा महसुलाचा नियम होता. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणत होते, जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पण मागणी काय होती? सारा माफ करा, अशी नव्हती. पुढच्या वर्षापर्यंत वसुली तहकूब ठेवा, एवढीच होती. सरकार सगळीकडे तहकुबी देत असेल तर आमच्यातले ऐपतदार उरलेला सारा भरतील, असेही त्या प्रतिज्ञेत होते. जप्त्या झाल्या, गुरे नेली गेली, तरी लोकांनी आपला शब्द मोठा केला नाही. जेवढे मागायचे होते तेवढेच मागितले.

आता आपल्या काळातल्या शब्दांकडे येऊ. 2008 साली केंद्र सरकारची मोठी योजना आली. तिच्या नावातच दोन शब्द होते, कर्जमाफी आणि कर्जसवलत. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर ढोबळमानाने 25 टक्के सवलत, तीही उरलेले 75 टक्के भरल्यावर. बागायती पाच एकरवाला पहिल्या शब्दात बसला. कोरडवाहू सहा एकरवाला, ज्याचे उत्पन्न त्याच्या निम्मेही नाही, तो दुसऱ्या शब्दात गेला. दोन्ही घरी बातमी मात्र 'माफी' हीच पोचली होती.

2017 साली राज्य शासनाची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. तिची मर्यादा दीड लाखाची. त्यावर थकबाकी असेल तर वरची रक्कम आधी भरायची, मग दीड लाखाचा लाभ. 2019 साली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, मर्यादा दोन लाखांची. या नावात माफी जाऊन मुक्ती आली, हे तुमच्या ध्यानात आले असेल. हा बदल आपोआप झालेला नाही. कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा, असा आग्रह शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पूर्वीपासून धरला होता. माफी गुन्हेगाराला देतात. ज्याच्या मालाला भाव मिळू दिला नाही त्याचे कर्ज थकले, तर गुन्हा त्याचा कसा, असा त्यामागचा विचार. त्या विचारातले सगळे पटो न पटो, एवढे खरे की माफी या शब्दात घेणाऱ्याची मान थोडी खाली जाते आणि मुक्ती या शब्दात ती ताठ राहते.

पण मला या सगळ्यात एक गोष्ट बोचते. ज्याने बैल विकून वेळेवर भरले, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. 2017 च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्याला 25 हजारांपर्यंत आणि 2019 च्या योजनेत 50 हजारांपर्यंत रक्कम ठेवली होती. तिचे नाव 'प्रोत्साहन'. शाळेत पहिला आलेल्याला दौत-लेखणी द्यावी तसा हा शब्द. अण्णांसारख्याच्या दावणीतली रिकामी जागा त्याने भरत नाही.

आणखी एका जोडीत लोक फसतात, मोफत आणि माफ. मोफत म्हणजे यापुढचे फुकट. माफ म्हणजे मागचे देणे सोडले. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना आली, एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी. आमच्याकडे एक जण म्हणाला, "चला, माझी मागची बाकी गेली!" मी त्याला घाईने थांबवले. बाबा, मोफत शब्द पुढे बघतो, मागे बघत नाही. मागच्या बाकीचे वेगळे विचार.

आता पुन्हा अण्णांकडे येतो. ते कचेरीत येऊन गेल्यावर दोन-तीन दिवस मला झोप लागली नाही. रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. अण्णा गोठ्यापुढे दावे वळत बसले होते. एकच बैल रवंथ करीत उभा होता. घरातून वैनींनी चहा आणला. मी म्हणालो, "अण्णा, मला माफ करा."

अण्णांनी दाव्याला पीळ दिला आणि हसले. म्हणाले, "सायेब, माफ कसं करू? तो शबुद लई मोठा हाय, तुमीच शिकवलं. तहकूब करतो. यंदा वसुली न्हाई."

वैनी पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आले, पण ते घशात अडकले.

31 ऑक्टोबर 2018 रोजी शासनाने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा तालुका त्यात होता. पुन्हा सवलतींचा कागद आला आणि पुन्हा त्याच गावी सभा लागली. या वेळी मी सभा शाळेत घ्यायला लावली, कारण मला फळा हवा होता. कागदावर आठ सवलती होत्या : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, गरज तेथे पाण्याचे टँकर, आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपाची जोडणी न तोडणे. आठ ओळींत सूट, पुनर्गठन, स्थगिती, माफी, शिथिलता असे पाच निरनिराळे शब्द, आणि माफी हा शब्द फक्त पोरांच्या परीक्षेच्या फीपुरता!

मी पाचही शब्द फळ्यावर लिहिले. पण लिहून कोणाला काय समजणार? मग बैल आठवला. मी सांगितले :

"बेंदराच्या दिवशी बैलाला औताला जुंपत नाही. त्या दिवसापुरते जेवढे काम टळले ते टळले, दुसऱ्या दिवशी पुन्हा जू. ही सूट. किती, ते ठरलेले असते.

बैलाचा खांदा सुजला म्हणून चार दिवस बांधून ठेवला. नांगरायचे रान तसेच आहे, उलट तणही वाढते आहे. ही स्थगिती. ते वाढणारे तण म्हणजे व्याज.

दोन दिवसांत नांगरायचे रान पाच दिवसांत नांगरले. रान तेवढेच, रोजचा ताण कमी, पण दिवस जास्त लागले. हे पुनर्गठन.

जुपण्या सैल केल्या, बैल थोडा मोकळा झाला, पण जू मानेवरच आहे. ही शिथिलता.

आणि म्हातारा झालेला बैल. त्याला आपण विकत नाही, जुंपत नाही, दावणीला नुसता पोसतो. त्याच्या मानेवर पुन्हा कधीही जू येणार नाही. ती माफी. सांगा, गावात असे बैल किती?"

कोणी तरी म्हणाले, "एकांदा." सगळे हसले. पण त्या हसण्यात शब्द रुजले, हे मला दिसले. मागच्या बाजूला बसलेल्या एका सुनेने विचारले, "म्हंजी साहेब, सोसायटीचं कर्ज म्हंजी खांदा सुजलेला बैल?" मी म्हणालो, "अगदी बरोबर, ताई." इतक्या वर्षांत माझ्या सभेत एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी फळ्यावर मी तीन प्रश्न लिहून ठेवले. तेच या पानावरही लिहितो. कोणी मोकळीक जाहीर केली, मग ती सोसायटी असो, बँक असो की शासन, तर हे विचारा. पहिला, किती? पूर्ण की टक्केवारी, मुद्दल की व्याज, मागचे की पुढचे? दुसरा, कधीपर्यंत? तारीख कोणती, आणि तोवर व्याज चालू आहे का? तिसरा, त्यासाठी मला काय करावे लागेल? अर्ज, संमतीपत्र, आधी भरायची रक्कम? उत्तरे मिळाली की आपल्या खात्याचा उतारा मागून घ्या आणि घरात कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी 'पुनर्गठन' शब्द दिसला तर हप्ता किती आणि वर्षे किती ते विचारा. आणि माझ्यासारखा कोणी साहेब एका शब्दात सांगू लागला तर त्याला थांबवून म्हणा, "साहेब, कागदावर शब्द काय आहे तो वाचा." राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

सभा संपली. फळा पुसायला मी वळलो तर अण्णा काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "पुसू नका, पोरं वाचतील." मग फळ्याकडे बघत, एकेका शब्दाखाली काठी नेत उभे राहिले. जाताना म्हणाले, "सायेब, मागची तुमची तहकुबी हाय न्हवं आमच्याकडं? आज चांगलं सांगितलंत. साडेतेहतीस टक्के सूट दिली."

"आणि बाकीचे, अण्णा?"

"ते हप्त्यानं."

अण्णांनी हिशेब बरोबर केला. उरलेले साडेसहासष्ट टक्के माझ्याकडे आहेत. जिथे जिथे सभा असते तिथे मी आधी फळा मागतो, खडू मागतो आणि बैलापासून सुरुवात करतो. आजचा हा लेखही त्यातलाच एक हप्ता समजावा.